स्लिपवरचे अठराशे

नवी मुंबईतल्या पगाराच्या स्लिपांवर एक आकडा सारखा भेटतो: १,८००. महाप्याच्या कारखान्यातला सुपरवायझर असो, ऐरोलीच्या काचेच्या इमारतीत रात्रपाळी करणारी मुलगी असो किंवा वाशीतल्या एखाद्या ऑफिसचा हिशेबनीस, कपातीच्या रकान्यात वरच्या ओळीला बहुतेकदा हीच रक्कम. हिशेब सरळ आहे. भविष्य निर्वाह निधीसाठीची, म्हणजे पीएफसाठीची, वेतनमर्यादा १ सप्टेंबर २०१४ रोजी ६,५०० वरून १५,००० रुपये झाली. तिचे १२ टक्के म्हणजे १,८००. मूळ पगार त्याहून जास्त असला तरी अनेक मालक तेवढ्यावरच थांबतात, कारण त्यापुढे जाण्याची कायद्याची सक्ती नाही. नुकतीच नोकरी लागलेल्या पोराला मात्र या हिशेबात रस नसतो. त्याचा प्रश्न एकच असतो, हे कापणं बंद करता येईल का?

तुर्भे-पावणे पट्ट्यात हा प्रश्न ज्यांनी टेबलापलीकडून वर्षानुवर्षं ऐकला, त्या गृहस्थांना सगळे ‘पीएफवाले काका’ म्हणूनच ओळखतात. १९९० च्या दशकाच्या मध्यात ते एका कारखान्याच्या टाइम ऑफिसात कारकून म्हणून चिकटले. हजेरीपट, ओव्हरटाइम, पगारपत्रक आणि दर महिन्याच्या १५ तारखेच्या आत भरायचं पीएफचं चलन, हे त्यांचं काम. पुढे ठाणे-बेलापूर रस्त्यावरची धुराडी एकेक करून थंड पडली, त्या जागांवर आयटी पार्क उभे राहिले. काकांचा कारखानाही गुंडाळला गेला आणि ते कंत्राटी माणसं पुरवणाऱ्या एका एजन्सीत गेले. रजिस्टरच्या जागी संगणक आला, काम तेच राहिलं. नोकरीच्या पहिल्या दिवशी फॉर्म भरून घेणारा आणि शेवटच्या दिवशी हिशेब हातात ठेवणारा माणूस एकच, असं फार थोड्या टेबलांवर घडतं. काकांच्या टेबलावर ते घडलं, म्हणून या शहरातल्या दोन पिढ्यांची म्हातारपणाची तयारी, आणि तयारीचा अभावही, त्यांना जवळून बघायला मिळाला.

“काका, पीएफ नको. हातात जास्त येऊ द्या.”

बावीस-तेवीस वर्षांची मुलं हे म्हणतात तेव्हा काका त्यांना उधळे समजत नाहीत. कोपरखैरण्यात चौघांत मिळून घेतलेल्या खोलीचं भाडं, बाइकचा हप्ता, गावी पाठवायचे पैसे, बहिणीचं ठरत आलेलं लग्न. महिन्याच्या वीस तारखेला खिसा रिकामा होण्याची कारणं खरी असतात. अशा वयात कुणी साठीबद्दल बोलू लागलं की पोरं मोबाइल बाहेर काढतात. म्हणून काका साठीचं नाव काढत नाहीत. ते स्लिप पुढे ओढतात आणि मालकाच्या हिश्श्यावर बोट ठेवतात.

कामगाराचे १,८०० कापले जातात तेव्हा मालकालाही तेवढेच भरावे लागतात. त्यातले १,२५० रुपये १९९५ च्या पेन्शन योजनेत जातात आणि ५५० पीएफच्या खात्यात. म्हणजे १,८०० कापले जाताना खात्यात पडतात २,३५०, आणि पेन्शनचं वेगळं. “पण काका, मालकाचा हिस्साही सीटीसीत, म्हणजे कंपनीने ठरवलेल्या एकूण पगारात, धरलेलाच असतो ना?” असं एखादा हुशार मुलगा विचारतो. काका मान डोलावतात. अनेक कंपन्यांत तसं असतं, हे ते नाकारत नाहीत. मग ते पेन्शनची आणि विम्याची गोष्ट सांगतात. पीएफचा सभासद नोकरीत असताना वारला तर बायकोला पेन्शन लागू होते आणि ठेवीशी जोडलेल्या विमा योजनेतून वारसांना कमाल ७ लाख रुपयांपर्यंत रक्कम मिळू शकते. या विम्यापोटी कामगाराच्या पगारातून एक पैसाही कापला जात नाही. रबाळे एमआयडीसीत अपघाती गेलेल्या एका तरुण ऑपरेटरच्या बायकोचे कागद काकांनी स्वतः भरले होते. त्यानंतर ही गोष्ट सांगताना त्यांचा आवाज बदलतो, असं ऑफिसातली माणसं सांगतात.

काकांची ही श्रद्धा पुस्तकातून आलेली नाही. ती बाजारातून आली.

त्यांचे वडील, घरातले आबा, पाटण तालुक्यातून मुंबईत आले आणि भायखळ्याच्या भाजी बाजारात पोती वाहू लागले. भाजी आणि फळांचा घाऊक बाजार १९९६ मध्ये तुर्भ्याला हलला, तसे आबाही खाडी ओलांडून इकडे आले. शिक्षण जेमतेम. काम रोजचं, पण किती गाड्या येतील याचा भरवसा नाही; पावसाळ्यात कमाई एक, दिवाळीत दुसरी. अशा माणसाने पंचविशीत म्हातारपणासाठी पैसे बाजूला टाकायला सुरुवात केली असं कुणी सांगितलं तर विश्वास बसणार नाही. आबांनी तशी ती केलीही नव्हती. त्यांच्या वतीने ती कायद्याने केली होती.

महाराष्ट्र विधिमंडळाने १९६९ मध्ये माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांसाठी कायदा केला. त्यामागे अण्णासाहेब पाटलांनी उभी केलेली संघटना आणि दाणा बंदर, मस्जिद बंदर, लोखंड बाजार इथल्या हमालांची वर्षानुवर्षांची झुंज होती. अण्णासाहेब स्वतः पाटण तालुक्यातलेच. कायद्याची रचना साधी पण पक्की होती. हमाल एकाच व्यापाऱ्याचा नोकर नसतो; सकाळी एका गाळ्यावर, दुपारी दुसऱ्या. मग त्याचा मालक कोण? कायद्याने मधे मंडळ आणून बसवलं. व्यापारी मंडळाकडे नोंदणी करणार, कामगारही मंडळाकडेच नोंदणार. टोळीने किती माल उतरवला याचा हिशेब मुकादम लिहिणार, त्याप्रमाणे मजुरी व्यापाऱ्याने मंडळात भरायची आणि तिच्यावर ठरलेल्या टक्क्याने लेव्ही. त्या लेव्हीतून पीएफ, ग्रॅच्युइटी, भरपगारी रजा, बोनस आणि औषधपाणी. मजुरी मंडळाकडून कामगाराला, आणि बचत त्याच्या हाताला लागण्याआधीच खात्यात.

आबा निवृत्त झाले तेव्हा एकरकमी पैसे हातात आले. गावचं घर दुरुस्त झालं, धाकट्या मुलीच्या लग्नाचं कर्ज फिटलं आणि तरीही काही रक्कम पोस्टात ठेवता आली. त्यांच्याच वाडीतले, त्याच काळात मुंबईत आलेले काहीजण खासगी गोदामांत नोंदणीशिवाय राबले. तीच पाठ, तेच ओझं. म्हातारपणी त्यांच्याकडे देण्यासारखं काही नव्हतं आणि मागण्याची सवय नव्हती. दोघांमध्ये शहाणपणाचा फरक नव्हता, नोंदणीचा होता. काकांनी हे घरात पाहिलं, म्हणून त्यांना ‘बचतीची शिस्त’ या शब्दाचं फारसं कौतुक नाही.

माथाडी मंडळांचं सगळंच आलबेल आहे असं ते म्हणत नाहीत. लेव्ही बुडवणारे व्यापारी आहेत, नोंदणीच होऊ नये म्हणून बाहेरून माणसं आणणारे आहेत आणि माथाडीच्या नावावर दमदाटी करून पैसे उकळणाऱ्या टोळ्यांनी खऱ्या कामगारांची बदनामीही पुष्कळ केली. तरी कोपरखैरणे, घणसोली आणि नेरुळच्या माथाडी वसाहतींत आज जी घरं दिसतात, जी शिकलेली मुलं दिसतात, त्यांच्या मुळाशी ही सक्तीची कपात आहे हे कुणी नाकारू शकत नाही.

आता त्याच कोपरखैरण्यातून रोज सकाळी ऐरोलीला जाणाऱ्या माथाडीच्या नातवाचं बघा.

इंग्रजी बोलतो, मोबाइलवर शेअरचे भाव बघतो, कंपनीने दिलेलं ओळखपत्र गळ्यात. पीएफही कापला जातो. पण दीड-दोन वर्षांत नोकरी बदलली जाते आणि प्रत्येक बदलाबरोबर जुनं खातं रिकामं होतं. नव्या शतकाच्या सुरुवातीला महाप्याच्या एका कॉल सेंटरमध्ये लागलेला एक मुलगा काकांना आठवतो. चांगला पगार, झटपट बढत्या, पुढची नोकरी नेहमी आधीच्यापेक्षा मोठी. दरवेळी मधल्या काळात पीएफ काढला गेला: एकदा बाइक, एकदा गोव्याची सहल, एकदा लग्नाचा हॉल. चाळिशीत तो एजन्सीमार्फत पुन्हा काकांसमोर आला तेव्हा त्याच्या पासबुकाची सुरुवात शेवटच्या नोकरीपासून होत होती. कारखान्यातला एक फिटर मात्र चौतीस-पस्तीस वर्षं एकाच मशीनवर राहिला आणि निवृत्तीच्या दिवशी त्याच्या हातात आलेला चेक बघून मॅनेजरही चकित झाला. काका यातही बोधकथा शोधत नाहीत. “तो काही धोरणी नव्हता,” ते म्हणतात, “त्याला दुसरीकडे कुणी बोलावलं नाही, एवढंच.”

जुन्या काळी खातं काढून टाकण्याला निमित्त तरी होतं. प्रत्येक मालकाकडे वेगळा पीएफ नंबर असायचा. बदली करायची तर १३ नंबरचा फॉर्म, दोन्ही मालकांच्या सह्या, मग वाशीच्या किंवा ठाण्याच्या पीएफ कार्यालयात खेटे. लोक कंटाळून पैसेच काढून मोकळे व्हायचे. २०१४ मध्ये यूएएन, म्हणजे आयुष्यभर एकच राहणारा नंबर आला. आता नवी नोकरी लागली की तोच नंबर द्यायचा आणि जुनी रक्कम ऑनलाइन नव्या खात्यात ओढून घ्यायची. निमित्त गेलं, सवय राहिली.

पैसे काढताना जे जातं, ते रकमेपेक्षा मोठं असतं. पीएफसाठी १९ नंबरचा फॉर्म भरताना बहुतेकजण पेन्शनचे पैसे काढायला १० सीही भरून टाकतात. तो भरला की पेन्शनसाठीची सेवा पुसली जाते, घड्याळ पुन्हा शून्यावर. पेन्शन मिळायला किमान १० वर्षांची सेवा लागते आणि तिची रक्कम सोप्या सूत्राने ठरते: पेन्शनपात्र पगार गुणिले सेवेची वर्षं, भागिले ७०. म्हणजे १५,००० च्या पगारावर ३५ वर्षांच्या सेवेला महिना ७,५०० रुपये. सेवा २० वर्षं किंवा जास्त झाली की वर दोन वर्षं वाढवून धरतात, त्यामुळे प्रत्यक्षात थोडे जास्त. हीच सेवा १२ वर्षांची असेल तर हातात जेमतेम अडीच हजार. तीन-तीन वर्षांच्या पाच नोकऱ्या करून दरवेळी १० सी भरणाऱ्याच्या वाट्याला पेन्शन म्हणून काहीच येत नाही. पंधरा वर्षं काम झालं, पण सलग नोंदलेली दहा कधीच झाली नाहीत. शिवाय एकूण पाच वर्षांच्या आत पीएफ काढला तर त्यावर करही लागतो, आणि खातं पुढे ओढत नेलं तर जुनी वर्षं या पाचांत धरली जातात, हे तर फार थोड्यांना माहीत असतं.

काका साठ हजार रुपयांचं एक गणित करून दाखवतात. अठ्ठाविसाव्या वर्षी खात्यात साठ हजार आहेत. ते काढले तर एक जुनी बाइक येते. तसेच ठेवले आणि वर्षाला ८ टक्के व्याज धरलं, तर तीस वर्षांत ते दहापट होतात, सहा लाख. पीएफचा दर २०२३-२४ आणि २०२४-२५ या दोन्ही वर्षांत ८.२५ टक्के होता. १९९० च्या दशकात तो १२ होता. पुढे काय राहील हे कुणी सांगू शकत नाही, म्हणून ते ८ च धरतात.

मग मोठं गणित. महिना २,३५० रुपये, दर ८ टक्के. तेविसाव्या वर्षी सुरुवात केली तर ५८ व्या वर्षी सुमारे ५० लाख. तेहतिसाव्या वर्षी केली तर सुमारे २१ लाख. पहिल्या दहा वर्षांत भरलेली रक्कम फक्त २ लाख ८२ हजार. तिच्यामुळे पडलेला फरक २९ लाखांच्या आसपास. पोरं हे बघून शिट्टी वाजवतात.

इथेच थांबलं तर काका एजंट ठरले असते. ते पुढची ओळही लिहितात. महागाई वर्षाला ६ टक्के धरली, तर ३५ वर्षांत वस्तूंचे भाव साडेसात पटींहून जास्त होतात. त्या ५० लाखांची आजच्या हिशेबाने किंमत साडेसहा लाख. म्हणजे आयुष्यभर १,८०० वर बसून राहिलेल्याचं म्हातारपण निभत नाही. पगार वाढेल तशी बचत वाढली पाहिजे. पीएफमध्येच स्वेच्छेने जास्त कापून घेता येतं. राष्ट्रीय पेन्शन प्रणाली २००९ पासून सगळ्या नागरिकांना खुली आहे. पंधरा वर्षांचं पीपीएफ खातं वर्षाला ५०० रुपयांतही चालू ठेवता येतं. ज्याला चढउतार सोसतात त्याने दीर्घ मुदतीसाठी म्युच्युअल फंडाची एसआयपीही करावी. काकांचा आग्रह एवढाच की यातलं जे काही असेल ते पगाराच्या दुसऱ्या दिवशी खात्यातून आपोआप वळतं व्हावं. महिनाअखेरीला उरलं तर टाकू, असं ठरवणाऱ्याचं कधीच उरत नाही.

एजन्सीतल्या हाउसकीपिंगच्या बायकांपैकी काहीजणी संध्याकाळी तुर्भे नाक्यावर भाजी विकतात. पतीचा पीएफ नाही, मुलाची नोकरी कच्ची. या बायका भिशी चोख चालवतात. हप्ता चुकला तर चारचौघींत मान खाली जाते म्हणून. त्यांच्यासाठी काकांनी भिंतीवर अटल पेन्शन योजनेचा तक्ता चिकटवला आहे. ६० व्या वर्षानंतर महिना ५,००० रुपये पेन्शन हवी असेल, तर अठराव्या वर्षी सुरुवात करणाऱ्याला महिना २१० रुपये भरावे लागतात, पंचविसाव्या वर्षी ३७६, तिसाव्या वर्षी ५७७ आणि चाळिसाव्या वर्षी १,४५४. चाळिशीनंतर दार बंद. आयकर भरणाऱ्यांना २०२२ च्या ऑक्टोबरपासून या योजनेत नव्याने येता येत नाही. पेन्शन तीच, किंमत मात्र वयाप्रमाणे सातपट. त्या तक्त्यापुढे उभं राहून एका बाईने स्वतःसाठी उशीर झाला म्हणून लेकीचं खातं उघडलं, मुलगी अठरा पूर्ण होताच.

सगळे पैसे एकाच ठिकाणी ठेवले की काय होतं, हे सांगायला पनवेल लांब नाही. कर्नाळा नागरी सहकारी बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये रद्द केला. ठेव विम्याचं संरक्षण फेब्रुवारी २०२० पासून प्रत्येक ठेवीदाराला ५ लाखांपर्यंत आहे. त्यापुढची रक्कम एकाच बँकेत ठेवणाऱ्या निवृत्तांना नुसती वाट बघावी लागली. निवृत्तीचे पैसे एकाच टोपलीत नकोत, हे वृद्धांना उशिरा कळतं. तरुणांना ते आत्ता कळायला हरकत नाही.

सरकारी नोकरीतला भाऊ सुखी, असा एक समज अजून टिकून आहे. राज्य शासनात १ नोव्हेंबर २००५ रोजी किंवा त्यानंतर लागलेल्यांना जुनी पेन्शन नव्हती, अंशदानाची योजना होती. जुनी पेन्शन मागत मार्च २०२३ मध्ये लाखो कर्मचारी संपावर गेले, तेव्हा बेलापूरच्या कोकण भवनातल्या रिकाम्या खुर्च्यांनी हा समज बराच ढिला केला. आता कुणाचंच म्हातारपण आपोआप सुटणारं नाही.

पीएफच्या विश्वस्त मंडळाने ऑक्टोबर २०२५ मध्ये पैसे काढण्याचे नियम बदलण्याचा निर्णय घेतला. खात्यातली २५ टक्के रक्कम शिल्लक राहावी, आणि नोकरी गेल्यावर संपूर्ण रक्कम काढण्यासाठी दोन महिन्यांऐवजी बारा महिने थांबावं, असं त्यात आहे. समाजमाध्यमांवर संताप झाला. ‘आमचेच पैसे आम्हाला का नाहीत?’ हा प्रश्न चुकीचा नाही. नोकरी गेलेल्या माणसाला पुढच्या महिन्याचं भाडं आज द्यायचं असतं. काकांचं मत दोन्हीकडे आहे. अडचणीला दार उघडं हवं, पण ते इतकं रुंद नको की दर दिवाळीला त्यातून म्हातारपण बाहेर पडावं. त्यांना विचारलं तर ते सांगतात, तीन-चार महिन्यांच्या खर्चाएवढी रक्कम आधी बँकेत बाजूला ठेवावी, म्हणजे पीएफला हात लावायची वेळच येत नाही.

या लेखाचा वाचक पंचविशीत असेल, किंवा त्याच्या घरात पंचविशीतलं कुणी असेल, तर कामं दोन-चारच आहेत. पीएफचं पासबुक उघडून मालकाने दर महिन्याचे पैसे भरलेत का ते तपासा. जुन्या नोकरीतलं खातं चालू यूएएनमध्ये ओढून घ्या. आधार आणि बँक खातं जोडलेलं आहे का ते बघा, आणि वारसाचं ई-नामनिर्देशन भरा; लग्नानंतर ते बदलावं लागतं. नोकरी बदलताना पेन्शनचे पैसे काढायला १० सी भरू नका. आणि पुढची पगारवाढ मिळेल तेव्हा तिचा काही भाग हातात येण्याआधीच वळता होईल अशी सोय त्याच महिन्यात करून ठेवा.